पास्टरच्या घरी नाताळ २ जानेवारीला येतो

पास्टरच्या घरी नाताळ २ जानेवारीला येतो. त्या संध्याकाळी मी शाळेतून परतते तेव्हा साहेब, म्हणजे माझे पास्टर यजमान, गाढ झोपलेले असतात, मुलं डब्याच्या तळाचे शंकरपाळे उकरत असतात, आणि फोन वाजला तर 'राहू दे, नंतर बघू' असं मीच म्हणते. त्याआधीचा पंधरवडा आमचा नसतो, तो मंडळीचा, म्हणजे चर्चच्या माणसांचा असतो.

यंदाचं, २०२५चंच पाहा. २५ डिसेंबर गुरुवारी आहे. त्याआधी रविवारी २१ तारखेला सकाळची भक्ती आणि दुपारी मुलांची नाटिका. सोमवारी आणि मंगळवारी रात्री कॅरल, म्हणजे छोटा हत्ती भाड्यानं घ्यायचा, त्यात ढोलकी, टाळ, हार्मोनियम आणि तरुण संघाची पोरं भरायची आणि तालुक्यातल्या वस्त्यांवर घरोघर गात फिरायचं. कुठल्या रस्त्यानं जाणार, किती वाजेपर्यंत गाणार, हे आधी पोलीस ठाण्यात लिहून द्यायचं. बुधवारी २४ला मेणबत्त्यांची रात्रभक्ती. गुरुवारी सकाळी नाताळची मुख्य भक्ती, प्रभुभोजन आणि दुपारी प्रीतिभोजन. शुक्रवार-शनिवार लग्नं, कारण पुण्या-मुंबईला कामाला गेलेली भावकी याच दिवसांत गावात सापडते. २८ला पुन्हा रविवार. ३१ला मध्यरात्रीपर्यंत वर्षअखेरची भक्ती, १ जानेवारीला सकाळी नव्या वर्षाची. प्रत्येक ठिकाणी वेगळा उपदेश हवा. तोच पुन्हा आला तर मागच्या बाकावरचे आजोबा बाहेर पडताना हात हातात घेऊन म्हणतात, "साहेब, आजचा चांगला झाला. मागच्या वर्षी बी चांगलाच झाला होता."

त्या आजोबांना साहेबांचा एक आवडता दाखला तोंडपाठ आहे. केळणा नदीकाठचं आमचं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. १९७३ साली इथे उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा तुकडा सापडला, आणि तो इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी फार मिळताजुळता निघाला. इ.स. ७९ मध्ये पाँपेई राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ज्या रोमन राज्यात बेथलेहेमचं ते बाळ जन्मलं, त्या राज्याशी आपल्या केळणाकाठचा व्यापार-संबंध तेव्हापासूनचा, असं साहेब सांगतात. नाताळ हा परदेशी सण म्हणणाऱ्यांना हे बरं उत्तर आहे असं त्यांना वाटतं. मला वाटतं, उत्तर देण्याची गरजच नाही. पण उपदेश त्यांचा आहे.

मी खासगी शाळेत शिकवते. दिवाळीला शाळा चांगली ऐसपैस बंद असते. आमच्या सणाला सुट्टी एक दिवस, २५ तारीख. २६ला मी पुन्हा फळ्यापुढे उभी. याची तक्रार नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं शंभरात एकही पुरती भरली नाहीत, आणि त्यातलीही बरीचशी मुंबई, ठाणे, वसई, पुण्याकडची. आमच्यासारख्या मूठभर घरांसाठी शाळा बंद ठेवा असं मी कशी म्हणणार? एवढंच सांगते की फराळ रात्री होतो.

बदली होऊन इथे आलो तेव्हा शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "फादरला बी बायको राहती का वो?" त्यांनी सिनेमात पाहिलेले फादर एकटे असतात. कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाहीत, प्रोटेस्टंट पाळक करतात, हे मी त्यांना दारातच सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग तुम्हाला बी पगार असंल." मी हसले. आजवर माझ्या कामाबद्दल इतका नेमका प्रश्न मंडळीत कुणी विचारलेला नाही.

कारण नेमणूक होते ती साहेबांची. पत्र त्यांच्या नावानं येतं, बदलीचा आदेश त्यांच्या नावानं निघतो. काम मात्र जोडप्याचं धरलेलं असतं. महिला मंडळाच्या सभा मी घ्यायच्या, संडे स्कूलची मुलं मी सांभाळायची, नाटिकेचे कपडे मी शिवायचे किंवा मागून आणायचे. (मेंढपाळांची घोंगडी आमच्याकडे खरी असतात. वस्तीवरच्या एका धनगर कुटुंबाकडून आणतो. एका नाताळला त्यांनी घोंगड्यांबरोबर कोकरूही दिलं, आणि देवदूताचा संदेश चालू असताना त्यानं सगळ्या मंडळीचं लक्ष स्वतःकडे खेचून घेतलं.) आजारी माणूस असेल तिथे साहेब प्रार्थनेला जातात, डबा माझ्याकडून जातो. पास्टरच्या घरी आलेला माणूस चहा न घेता गेला तर त्याची चर्चा पुढच्या रविवारपर्यंत पुरते.

फराळाचं तर विचारूच नका. आमचा नाताळ म्हणजे केक असा शहरात समज आहे. केक असतो, बेकरीतून येतो, बिनअंड्याचाही आणावा लागतो कारण शेजारी माळकरी आहेत. पण मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरचा नाताळ खरा उभा असतो करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारशांवर. २५ तारखेला भक्ती सुटली की मंडळी आपापल्या घरी जायच्या आधी पास्टरच्या घरी भेटायला येते. ही पद्धत जुनी आहे आणि ती मला आवडते. म्हातारी माणसं पलंगावर बसतात, पोरं ओट्यावर, नवीन लग्न झालेली जोडपी दारात उभी. प्रत्येकाच्या हातात ताटली गेली पाहिजे. शिवाय आजूबाजूच्या घरी ताटं जायची असतात. काकूंकडे, आणि पलीकडच्या भाभींकडे, ज्यांच्याकडून ईदला शीरखुर्म्याचा डबा न चुकता येतो. १५ किलोचा तेलाचा डबा लागतो. मैदा, रवा, साखर, खोबरं वेगळं. करंज्या लाटायला मंडळीतल्या बायका येतात, दिवसभर कापूस वेचून आलेल्या, बोटांना बोंडांच्या चिरा पडलेल्या, आणि त्यांच्या गप्पांनी ती रात्र वर्षातली सगळ्यात चांगली रात्र होते. हात भरपूर असतात. सामानाचं बिल आमचं असतं.

आता पैशाचं बोलते, कारण ते कुणी बोलत नाही.

साहेबांचा पगार मंडळीच्या वर्गणीतून निघतो आणि मंडळीची वर्गणी कापसातून. यंदा सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यानं उभी शेतं पाण्याखाली गेली. बोंडं झाडावरच सडली, जो कापूस हाती आला तो ओला आणि काळपट. २०२५-२६च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला सरकारनं हमीभाव जाहीर केला होता क्विंटलला ८,११० रुपये; पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत फिरते, मग व्यापारी म्हणेल तो भाव. अशा वर्षी वर्गणीचं पाकीट हलकं आलं तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलू? मंडळीनं पगार अर्धा दिला तेव्हा साहेब म्हणाले, "त्यांच्याकडे आहे कुठं?" आणि ते खरं होतं.

खरं नव्हतं ते पुढचं. मंडळीच्या सभेत नाताळच्या मंडपाचा, लायटिंगचा आणि साउंडचा खर्च एकमतानं मंजूर झाला. अर्ध्या पगारावर कुणी अवाक्षर काढलं नाही, साहेबांनीही नाही. मंडप दिसतो, पगार दिसत नाही. गावात आपला नाताळ उठून दिसावा ही इच्छा मी समजू शकते. दुसऱ्यांचे सण डीजेवर चालू असताना आपली पोरं हिरमुसतात, हेही मला कळतं. पण पास्टरचं घर किराणा दुकानात उधारीवर असताना वर लुकलुकणारी माळ लावणं मला पटत नाही, आणि हे मी इथे लिहिते आहे कारण सभेत बोलले असते तर 'बाईंना पैशाची हाव' असं झालं असतं. आमची मंडळी कुठल्या पंथाची हे मुद्दाम लिहीत नाही. माझ्या बहिणी, मैत्रिणी वेगवेगळ्या पंथांच्या पास्टरांच्या घरी दिल्या आहेत. थोड्याफार फरकानं त्यांचंही असंच चाललेलं आहे.

ही परिस्थिती नेहमीची नव्हती. आमच्या जालना जिल्ह्यात ख्रिस्ती कामाची सुरुवात स्कॉटलंडच्या पैशावर झाली. ब्राह्मण घरातले नारायण शेषाद्री १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या धाकट्या भावाचं, श्रीपतचं प्रकरण तर कोर्टात गेलं, आणि त्या पोराला पुन्हा जातीत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर समाजाचा रोष पत्करून उभे राहिले. पुढे शेषाद्री फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक म्हणून जालन्यात आले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. १८७३ साली ते न्यूयॉर्कच्या परिषदेत जाऊन बोलले. मिशनच्या त्या काळात पाळकाचा पगार दुष्काळ पडला म्हणून अडत नसे. तो समुद्रापलीकडून यायचा. त्या पगाराबरोबर साहेबी हुकूमही यायचा, हे विसरून चालणार नाही. आपली मंडळी आपण चालवायची, हा आग्रह इथल्याच माणसांनी धरला. १९७०च्या नोव्हेंबरात नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, वेगवेगळ्या मिशनांची मंडळी एका भारतीय छत्राखाली आली. स्वावलंबी मंडळी हा शब्द तेव्हापासून प्रत्येक अहवालात आहे.

चांगलाच शब्द आहे. मला त्यामागचा हिशेब हवा आहे. आमच्या ओळखीतल्या कितीतरी स्वावलंबी मंडळ्या पास्टरच्या बायकोच्या पगारावर उभ्या आहेत. कुणी शिक्षिका, कुणी नर्स, कुणी अंगणवाडीत. महिन्याची फी, गॅस, औषधं तिच्या पगारातून जातात आणि म्हणून मंडळीला अर्ध्या पगारात पूर्ण पास्टर परवडतो. अहवालात तिचं नाव महिला मंडळाच्या आभारांत येतं.

याबाबतीत आम्हा सगळ्याजणींची थोरली म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी मधली ताटातुटीची वर्षं काढून १९०० साली. त्यांची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' १९३४पासून पुस्तकरूपानं येऊ लागली आणि मराठी वाचक अजून ती वाचताना हसतो. टिळकांचा धांदरटपणा, हातातलं देऊन टाकणं, कुणालाही घरी घेऊन येणं, त्यावर लक्ष्मीबाईंचे टोले. मीही हसते. पण त्यातला संसार पाळकाच्या घरचा आहे, आणि तो आतल्या खोलीतून सांगितलेला आहे. १९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीला रामराम ठोकला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. परक्या मिशनच्या पगारावर भारतीय मंडळी उभी राहणार नाही, हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबर होतं. ख्रिस्ती इतिहासात हे पान सोन्याचं मानतात. पास्टरची बायको ते पान वाचते तेव्हा तिला आधी दुसरंच सुचतं: त्या महिन्याचं वाणसामान कसं आलं असेल?

नाताळ मात्र फक्त चर्चच्या मंडपात होत नाही, हे सांगायचं राहिलं तर अन्याय होईल. आमच्या मंडळीतली बरीच घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता नवरा-बायकोचा मिळून एक धरतात, आणि परत येईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे नाताळ फडावर. साहेब डिसेंबरात एक फेरी तिकडे मारतात, मोटरसायकलवर, मागे फराळाचा डबा बांधून. एका वर्षी हट्टानं मीही गेले. ताडपत्रीच्या कोप्या, बाहेर बैल, एका कोपीवर जुन्या कागदाची चांदणी टांगलेली. गाड्या भरून बायका-माणसं परत यायलाच रात्र झाली. कंदिलाच्या नाही, मोबाइलच्या उजेडात प्रभुभोजन झालं. बायकांना पहाटे तीनला पुन्हा उठायचं होतं म्हणून उपदेश पाच मिनिटांचा. साहेबांच्या आयुष्यातला सर्वांत चांगला. गाताना कुणाला उपासना संगीताचं पुस्तक लागलं नाही. निघताना मी एकीला म्हटलं, "इथे सणाचं काहीच नाही गं तुम्हाला." ती म्हणाली, "मॅडम, इथं बरंय. पाव्हणे येत न्हाईत, भांडी पडत न्हाईत." तिचा-माझा नाताळ इतका सारखा असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट इथल्या पास्टरच्या घराला ठाऊक असते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला; १९५६ साली तो शिखांना मिळाला, १९९० साली बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याला नाही. पाणवठा, वस्ती, सोयरीक यांत काही बदललेलं नसलं तरी नाही. त्यामुळे नाताळच्या भक्तीला भरलेलं चर्च आणि सरकारी कागदावरचा आकडा यांत अंतर पडतं. काही माणसं येतात, गातात, करंज्या लाटतात, आणि फोटो निघायची वेळ झाली की चपला शोधायला बाहेर जातात. मी कुणाला थांबवत नाही. पोरांच्या शिक्षणाचा प्रश्न ज्याच्या घरात आहे त्यालाच तो सोडवू द्यावा. पण वर्गणीची यादी करताना कमिटी याच माणसांना 'नाताळचे ख्रिस्ती' म्हणते, ते मला लागतं.

मुलांचं म्हणाल तर पास्टरच्या मुलांना लहान असण्याची परवानगी नसते. थोरली तीन वर्षांची होती तेव्हापासून नाटिकेत आहे. आधी देवदूत, मग मेंढपाळ, मग कायमची मरिया, कारण दुसऱ्या कुणाची मुलगी मरिया केली की तिसरीची आई रुसते आणि पास्टरची मुलगी केली की कुणी रुसत नाही. यंदा तिनं सांगितलं, "मम्मी, मला नाटकात नको. मला तुझ्याशेजारी बसून बघायचंय." मी हो म्हटलं. निरोप सेक्रेटरींपर्यंत पोचला तेव्हा त्यांनी विचारलं, "घरात काही झालंय का?" धाकट्यानं रविवारी भक्तीच्या वेळेत गल्लीत क्रिकेट खेळलं तर तो मंडळीचा विषय होतो, डॉक्टरचा मुलगा आजारी पडला तर डॉक्टरला कुणी जाब विचारत नाही.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे: ही सेवा आहे, नोकरी नाही. सेवा आहे हे आम्हाला मंडळीनं सांगायची गरज नाही. नोकरीच करायची असती तर साहेबांची पदवी होती, त्यांच्याबरोबरचे आज बँकेत आहेत. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे हे लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, खुद्द येशूच्या तोंडी आहे, आणि ते वचन वर्गणीच्या रविवारी वाचलेलं मी कधी ऐकलेलं नाही. हे फक्त आमच्यातच आहे असंही नाही. आमच्याच तालुक्यात राजूरला गणपतीच्या दर्शनाला अंगारकीला केवढी रीघ लागते. त्या दिवशी पुजाऱ्याच्या घरातली बाई कधी जेवते ते विचारा. रमजानमध्ये इमामसाहेबांच्या घरी, सप्ताहात कीर्तनकाराच्या घरी वेगळं काय असणार? ज्या घरानं सगळ्यांचा सण करायचा त्या घराला सण नसतो, हे आपण सगळ्या धर्मांत मान्य करून टाकलं आहे. एवढा सर्वधर्मसमभाव नको होता.

माझं मागणं मोठं नाही. डिसेंबरचा पगार मंडपाच्या ठरावाआधी, २० तारखेच्या आत द्यावा. पैसे कमी असतील तर मंडप लहान करावा. फराळ आमच्याच घरी होऊ दे, पण सामान मंडळीच्या खात्यातून यावं. आणि नव्या वर्षाची भक्ती झाली की पास्टरला आठ दिवस सुट्टी, तेव्हाचा रविवार मंडळीतल्या कुणा वडिलांनी चालवावा. उपदेश चुकला तर चुकला. मागच्या बाकावरचे आजोबा तयार आहेत. मी विचारून ठेवलं आहे.

जानेवारीच्या सभेत हा ठराव येणार आहे. मी मांडला तर तो पास्टरच्या बायकोचा ठरेल, म्हणून महिला मंडळातली एकजण मांडणार आणि दोघी अनुमोदन देणार असं ठरलं. पण त्या दोघी सध्या फडावर आहेत, मार्चशिवाय येत नाहीत. फोनवरून दिलेलं अनुमोदन धरायचं की नाही, यावर कमिटीत आताच दोन तट पडले आहेत.